तट, परवाना आणि पहारेकरी



आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत नळगंगेच्या कांठीं मलकापूर नांवाचें जुनें शहर आहे. आज तें रेल्वेचें स्थानक आणि कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखलें जातें. परंतु पूर्वीं त्याच्या भोंवतीं घडीव दगडांचा कोट होता, त्याला ५ दरवाजे होते आणि २८ बुरूज होते. एका दरवाजावरील शिलालेखांत तो बादशहा महंमदशहाच्या कारकीर्दींत, १७२९ मध्यें, बांधल्याचा उल्लेख आहे. मलकापूरकरांनीं आपल्या संरक्षणाची हयगय केली, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पुढें ३२ वर्षांनीं, १७६१ मध्यें, माधवराव पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांचें सैन्य तेथें आलें, तेव्हां लूट टळावी म्हणून या तटबंदीच्या शहराला ६० हजार रुपये मोजावे लागले.

यावरून कोट व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. माझी स्वतःची समजूत अशी आहे कीं, भुरटे चोर आणि वाटमारे यांना त्या कोटानें बाहेर ठेविलें असेल, आणि पेशव्यांच्या सैन्याशीं निदान बोलणें करण्याची सवड तरी शहराला त्याच्यामुळेंच मिळाली असेल. परंतु दाणागोटा बरोबर घेऊन, निश्चय करून आलेल्या सैन्याला परत फिरविणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. आज आपला पैसा, आपले सातबारा उतारे, आपलें निवृत्तिवेतन, हें सर्व संगणकांत गेलें आहे, आणि त्याच्या भोंवतीं दगडांऐवजीं आज्ञावलींचा, म्हणजे ज्यास सॉफ्टवेअर म्हणतात त्याचा, कोट आहे. हा नवा कोट निश्चयानें आलेल्या घुसखोराला कितपत अडवितो, हा आजच्या भाषणाचा विषय. मी संगणकशास्त्रज्ञ नाहीं. इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलेला एक शाळामास्तर आहें. तेव्हां उत्तर इतिहासाच्या वाटेनेंच शोधणें मला भाग आहे.

सर्वच घुसखोर रघुनाथरावांप्रमाणें नगारे वाजवीत येत नाहींत. आमच्याच जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें माहेर. पुण्याच्या ज्या लाल महालांत त्यांनीं शिवाजीमहाराजांना वाढविलें, तोच महाल १६६० नंतर शाइस्ताखानानें आपल्या राहण्यासाठीं घेतला होता. खानाचा बंदोबस्त कडेकोट होता. परवान्यावांचून कोणाहि मराठ्याला शहरांत येऊं द्यावयाचें नाहीं असा त्याचा हुकूम असल्याचें खाफीखान सांगतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं काय घडलें, तें शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतें. परंतु आम्ही मास्तरलोक खानाच्या तुटलेल्या बोटांवर सारा भर देतों आणि परवान्याची गोष्ट गाळून टाकतों. खाफीखानाच्या वृत्तांताप्रमाणें महाराजांचीं माणसें तट चढून आलींच नाहींत. लग्नाच्या वरातीचें निमित्त सांगून कोतवालाकडून रीतसर परवाना काढला गेला, आणि त्या परवान्यावर माणसें आंत आलीं. महिना रमजानचा, दिवसभराच्या उपासानंतर जेवून पहारेकरी सुस्तावलेले. महालाच्या मुदपाकखान्याकडील एक खिडकी विटांनीं बुजविलेली होती, ती फोडून वाट केली. ज्या घरांत बाळपण गेलें, त्या घराची कोणती भिंत पातळ आहे हें दुसऱ्या कोणास विचारावें लागत नाहीं. महाराजांच्या शौर्याविषयीं मी नवें काय सांगणार? माझ्या विषयापुरतें एवढेंच पाहावयाचें कीं, कोतवालाच्या माणसांनीं परवाना तपासला, तो खरा निघाला, आणि तेथेंच त्यांचें काम संपलें. परवाना घेऊन येणारा कोण, हें त्यांनीं पाहिलें नाहीं.

त्याच पुण्यांत, ३५५ वर्षांनंतर, ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, एक चोरी झाली. कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ सालीं स्थापन झालेली, मध्यमवर्गाच्या विश्वासावर वाढलेली बँक. तो दिवस महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा. दुपारीं ३ पासून रात्रीं १० पर्यंत जगांतील २८ देशांत एटीएम यंत्रांतून या बँकेच्या नांवावर नोटा बाहेर पडत होत्या. परदेशांत सुमारें १२ हजार व्यवहारांत ७८ कोटि रुपये गेले. भारतांत २,८४९ व्यवहारांत अडीच कोटि. सोमवारीं, १३ तारखेस, बँकाबँकांमधील स्विफ्ट नांवाच्या संदेशव्यवस्थेतून खोटे आदेश धाडून आणखी १३ कोटि ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका कंपनीच्या खात्यांत वळविण्यांत आले. एकूण रक्कम ९४ कोटि ४२ लाख.

ही चोरी कशी झाली तें जरा सावकाश समजून घेतलें पाहिजे. आपण एटीएममध्यें कार्ड घालतों तेव्हां यंत्र आपल्या अकलेनें पैसे देत नाहीं. तें बँकेला विचारतें: हें कार्ड खरें काय, खात्यांत शिल्लक आहे काय? हा प्रश्न बँकेकडे नेणारी आणि होकार वा नकार परत आणणारी एक मधली व्यवस्था असते. तिला स्विच म्हणतात. तिला आपण दूत म्हणूं. ज्या मुख्य हिशेबांत खातेदारांची शिल्लक नोंदलेली असते, तो हिशेब चोरट्यांनीं फोडलाच नाहीं. त्यांनीं बँकेच्या संगणकांत घातक आज्ञावली घुसवून खऱ्या दूताच्या जोडीला एक खोटा दूत उभा केला. कार्डांच्या नकला तयार करून देशोदेशीं माणसें यंत्रांपुढें उभीं केलीं होतीं. त्यांचे प्रश्न या खोट्या दूताकडे गेले, मुख्य हिशेबापर्यंत पोचलेच नाहींत, आणि हा गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला 'होय, द्या' असें उत्तर देत राहिला. पैसे देणारीं यंत्रें आपलें काम चोख करीत होतीं. त्यांना रीतसर परवाना मिळत होता! खातेदारांच्या खात्यांतील शिल्लक कमी झालेली नाहीं, असें बँकेनें मागाहून जाहीर केलें, तें अगदीं खरें होतें. बालेकिल्ला शाबूत राहिला, आणि खजिना बाहेरच्या बाहेर चालता झाला. नुकसान बँकेचें झालें.

विशेष म्हणजे अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेनें आदल्याच दिवशीं, १० ऑगस्टला, बँकांना एक गुप्त सूचना पाठविली होती: नकली कार्डांनीं जगभर एकाच वेळीं पैसे काढण्याचा कोणाचा तरी बेत आहे. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ च्या अहवालांत या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ सालीं ११ जणांना दोषी ठरविलें. तीं येथील हस्तक माणसें. ज्यांनीं तो खोटा दूत घडविला, त्यांच्यापर्यंत आपल्या न्यायालयाचा हात पोचलेला नाहीं.

आतां कोणी म्हणेल, बँकेनें आणखी भक्कम आज्ञावली घ्यावयास पाहिजे होती. घ्यावीच. पण भक्कमपणा म्हणजे काय, याचा विचार आमच्या वऱ्हाडांतील गाविलगडापाशीं उभें राहून करावा. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला तीन बाजूंनीं कड्यांवर बसलेला आहे. उत्तरेकडून तेवढा डोंगराला जोडलेला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवीं नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाल्यावर जनरल वेलस्ली या किल्ल्याकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनें ७ ते १२ डिसेंबर या सहा दिवसांत मेळघाटाच्या डोंगरांतून स्वतःच रस्ता करीत, जड तोफा सुमारें ३० मैल ओढीत, उत्तरेची बाजू गांठली. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या. १५ तारखेस बाहेरच्या तटाच्या खिंडारांतून सैन्य आंत शिरलें. आंतला तट मात्र अभंग होता. तेव्हां कॅप्टन कॅम्बेल नांवाच्या अधिकाऱ्यानें कांहीं शिपायांनिशीं शिडी लावून तो ओलांडला आणि आंतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला.

जेथें रस्ता नाहीं तेथें तोफा येणार नाहींत, असा त्या डोंगराचा भरंवसा होता. शत्रूनें रस्ता केला. मग डोंगरानें काय दिलें? त्यानें सुमारें आठवड्याचा अवधि दिला. त्या अवधींत बाहेरून कुमक येती तर तो सार्थकीं लागता. पण कुमक यावयाची ती अडगांवींच मोडली होती. संरक्षणाचें हें खरें माप मला वाटतें: तें शत्रूला किती वेळ लावतें, आणि त्या वेळांत आपल्याकडचें कोण काय करतें. आज्ञावलीचें संरक्षण याला अपवाद असण्याचें कारण मला दिसत नाहीं.

कुलपांचा इतिहासहि हीच साक्ष देतो. लंडनमध्यें ब्रामा नांवाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप अर्ध्या शतकाहून अधिक काळ मांडलेलें होतें. तें उघडणाराला २०० गिनींचें बक्षीस होतें. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तें उघडलें, पण त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट करावी लागली. कुलूप वाईट होतें काय? मुळींच नाहीं. कोणी हटकणारा असेल तर ५१ तास कोणत्या चोराला मिळणार आहेत? याउलट आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलपांचा कारखाना काढला. पुढें त्यांच्या कंपनीच्या तिजोऱ्या १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदींतील भयंकर स्फोटांत टिकल्या म्हणून नांवाजल्या गेल्या. मात्र आग आणि चोर यांत एक मोठा भेद आहे. आग काल कोठें अडली, हें तिला आज आठवत नाहीं. चोर शिकतो. आगीविरुद्ध तिजोरी एकदां चांगली घडविली म्हणजे ती वर्षानुवर्षें चांगली राहते; शिकणाऱ्या शत्रूविरुद्ध कालचें कुलूप आज पुनः तपासावें लागतें. आज्ञावली करणाऱ्या कंपन्या वारंवार दुरुस्त्या पाठवितात आणि आपण त्यांवर वैतागतों. त्यांचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें.

जागा माणूस काय करूं शकतो, त्याचें एक उदाहरण सांगतों. मास्तर म्हणून तें मला फार आवडतें. फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यांतून ३५ खोट्या आदेशांनीं सुमारें ९५ कोटि डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला. येथेंहि वेळ हिशेबानें निवडली होती: गुरुवारची रात्र, कारण शुक्रवारीं ढाक्यास सुट्टी, त्यापुढें शनिवार-रविवारीं न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारीं चिनी नववर्षामुळें मनिला बंद. ८ कोटि १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्यें गेलेच. पण २ कोटि डॉलरचा एक आदेश श्रीलंकेंतील एका संस्थेच्या नांवें होता, आणि त्यांत चोरट्यांनीं 'फाउंडेशन' हा इंग्रजी शब्द अशुद्ध लिहिला होता. मधल्या एका जर्मन बँकेंत ती चूक लक्षांत आली, खुलासा विचारला गेला आणि ती रक्कम अडली. आज्ञावलीच्या दृष्टीनें तो आदेश निर्दोष होता, खुणा जुळत होत्या. अडविलें तें शुद्धलेखनानें! शुद्धलेखनाचे गुण कापल्याबद्दल ज्या पालकांनीं वेळोवेळीं माझ्याशीं वाद घातले, त्यांपैकीं कोणी आज ऐकत असतील तर त्यांना नमस्कार.

आतां घरचा विचार. सहकार हा आमच्या जिल्ह्याचा अभिमानाचा विषय आहे. १९८६ सालीं निघालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था तर जिल्ह्याबाहेरहि दूरवर पसरली. तालुक्यातालुक्यांतील लहान बँका व पतसंस्था आपले हिशेब संगणकांवर ठेवतात. कॉसमॉसच्या प्रकारानंतर ऑक्टोबर २०१८ मध्यें रिझर्व बँकेनें नागरी सहकारी बँकांसाठीं संगणक-संरक्षणाची एक किमान चौकट घालून दिली, तें योग्यच झालें. तथापि आपण सभासदहि संस्थेचे मालक असतों, आणि वार्षिक सभेंत आपण लाभांशाखेरीज फारसें कांहीं विचारीत नाहीं. पुढील सभेला जाल तेव्हां व्यवस्थापकांना माझ्या वतीनें एवढें विचारा: दुसऱ्या शनिवारीं दुपारीं ३ वाजतां आपल्या संस्थेंतून नेहमींपेक्षां वेगळा व्यवहार सुरू झाला तर तो कोणाच्या नजरेस पडतो, तो मनुष्य त्या वेळीं कोठें असतो, आणि वरिष्ठांना न विचारतां व्यवहार बंद करण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे काय? मिळालेलें उत्तर, त्या मनुष्याच्या नांवासकट, सभेच्या इतिवृत्तांत लिहून घ्यावें.