ऑक्सफर्ड सर्कसची पोलादी छत्री

१९६३ सालच्या ऑगस्टमध्ये, बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत, लंडनमधील ऑक्सफर्ड सर्कस हा चौक वाहनांसाठी बंद करण्यात आला. सुट्टी संपून दुकाने उघडली तेव्हा चौक पुन्हा वाहता झाला होता; मात्र बसगाड्या आता सुमारे ६०० टन पोलादाच्या एका तात्पुरत्या पुलावरून धावत होत्या. या पुलाला नाव पडले ‘अम्ब्रेला’, म्हणजे छत्री. तिच्याखाली पुढची जवळजवळ पाच वर्षे खोदकाम चालणार होते. #धागा

एका चौकातली वाहतूक थांबू नये म्हणून एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे ही जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. १८६० साली तिचे काम सुरू झाले आणि १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा मार्ग लोकांसाठी खुला झाला. तिच्या बांधणीची रीत साधी आणि रांगडी होती. रस्ता उकरायचा, खोल चर पाडायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारायच्या, वर कमान घालायची आणि माती लोटून रस्ता पूर्ववत करायचा. आज यूस्टन रोड म्हणून ओळखला जाणारा हमरस्ता असाच उकरला गेला. जून १८६२ मध्ये फ्लीटचे भुयारी गटार फुटून त्याचे पाणी कामात घुसले. तरीही गाडी धावली, आणि पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० लोकांनी तिच्यातून प्रवास केला.

हा पराक्रम सर्वत्र सांगितला जातो. चराच्या काठावर पोट भरणाऱ्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच.

क्लर्कनवेल भागात ‘पिकल्ड एग’ नावाचे एक मद्यगृह होते. रिकेट हे त्याचे चालक. रेल्वेच्या कामासाठी तिकडे जाणारे रस्ते काही काळ अडवले गेले. रिकेट यांची एक वीटही हलली नव्हती, एक इंचही जागा गेली नव्हती. फक्त गिऱ्हाईक येईनासे झाले. जूरीने त्यांचे नुकसान १०० पौंड ठरवले. कंपनी ते देण्यास तयार नव्हती. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८६७ साली बहुमताने निकाल लागला : भरपाई जमिनीला पोहोचलेल्या हानीची मिळेल, रस्ता तात्पुरता अडल्यामुळे धंद्यात आलेल्या तोट्याची मिळणार नाही. लॉर्ड वेस्टबरी यांनी विरोधी मत नोंदवले, पण ते मतच राहिले.

न्यायाधीशांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. प्रत्येक बुडालेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब मागितला गेला असता तर कोणतेही मोठे काम उभे राहणे कठीण झाले असते. पण या निकालाचा व्यवहारातील अर्थ एवढाच होता की रेल्वेचा लाभ साऱ्या शहराला आणि खोट मात्र खणलेल्या रस्त्यावरच्या दुकानदाराला. मेट्रोच्या पत्र्यांमागे दुकान झाकले गेलेल्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला रिकेट यांचे गाऱ्हाणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे लंडनच्या चिकणमातीत खोलवर बोगदे नेण्याचे तंत्र आले आणि रस्त्यांची बरीचशी सुटका झाली. ऑक्सफर्ड सर्कसला अशा खोल मार्गांपैकी सेंट्रल लंडन रेल्वे १९०० साली, तर बेकरलू १९०६ साली पोहोचली. तरी एक अडचण उरलीच. बोगदा कितीही खोल नेला तरी तिकीटघर माणसांच्या पावलांजवळ, म्हणजे रस्त्याच्या लगेच खालीच असावे लागते.

व्हिक्टोरिया मार्गाला पार्लमेंटची परवानगी १९५५ सालीच मिळाली होती. सरकारने हिरवा कंदील दाखवला तो १९६२ च्या ऑगस्टमध्ये. या मार्गाचे समर्थन तिकिटांच्या उत्पन्नावर करणे अवघड होते. फॉस्टर आणि बीझली या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळाच हिशेब मांडला : लोकांचा वाचणारा वेळ पैशात मोजायचा. त्यात या गाडीत कधीही न बसणाऱ्या, वर रस्त्यावर बसने किंवा मोटारीने जाणाऱ्या लोकांच्या लाभाचा वाटा मोठा निघाला. रस्त्यावरच्या माणसाची मिनिटे अशा रीतीने जमाखर्चात आली. ज्या मार्गाचे समर्थन या मिनिटांवर उभे, त्याच मार्गासाठी शहरातला एवढा गजबजलेला चौक वर्षानुवर्षे बंद ठेवणे विसंगत ठरले असते.

छत्रीचे पाये सुट्टीपूर्वीच घालून ठेवले होते. सुट्टीत उभा राहिला तो वरचा सांगाडा. चारही रस्त्यांवर चढ-उतार बांधून वाहने सुमारे एक मीटर उंच नेण्यात आली. खाली मूळ रस्ता उखडला गेला, वाहिन्यांची व्यवस्था लावली गेली आणि नव्या प्रशस्त तिकीटघराचा खड्डा खोल होत गेला. शेजारच्या पीटर रॉबिन्सन या मोठ्या दुकानाच्या तळघराखालून, अगदी थोड्या अंतरावरून, स्थानकाचा बोगदा जाणार होता. इमारतीचा भार पेलण्यासाठी आधी काँक्रीटचा भक्कम तराफा घालण्यात आला. वर विक्री चालूच राहिली. कौतुक करावे ते या चालू राहण्याचे. पोलादाचे वजन त्यापुढे गौण आहे.

१९६८ च्या ईस्टरच्या सुट्टीत छत्री उतरवण्यात आली आणि बसगाड्या पुन्हा नेहमीच्या पातळीवरून धावू लागल्या. ७ मार्च १९६९ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा चौकात त्या पुलाची खूणही उरली नव्हती.