आमच्या घरचा मेंढीकोट



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काहीतरी लिहावे असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेखणी हाती धरायची ती किराण्याची यादी करण्यापुरती. परंतु मागच्या कोजागरीला मंडळाच्या पत्त्यांच्या सामन्यात माझे आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचे जे वाजले, ते तुम्हा सर्वांच्या देखत वाजले. आटवलेले दूध तसेच राहिले आणि जाऊबाई उठून घरी गेल्या. भांडण आमच्या घरच्या मेंढीकोटमधल्या एका नियमावरून होते. त्या नियमाचा इतिहास मी मागाहून शोधला. भांडण चारचौघींत झाले, तेव्हा इतिहासही चारचौघींत सांगणे मला भाग आहे.

मेंढीकोट आपल्यापैकी बहुतेक जणींना येतो, तरी लेकीसुनांसाठी थोडक्यात सांगते. खेळणाऱ्या चौघी, समोरासमोरच्या दोघी एकमेकींच्या भिडू. बावन्न पाने, प्रत्येकीला तेरा. मोठे पान एक्का, मग राजा, राणी, गुलाम आणि त्याखाली दश्शी. पण मौज अशी की हा सगळा खेळ त्या दश्शीसाठीच आहे. दश्शी म्हणजे मेंढी. चार रंगांच्या चार मेंढ्या. तीन ज्यांच्याकडे जातील त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, ते जिंकले. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की कोट, आणि तेराही हात एकाच बाजूने केले तर बावन्न पानांचा कोट! तो मी जन्मात दोनदाच पाहिला. हुकूम ठरविण्याच्या तऱ्हा मात्र घरोघरी निराळ्या. कोणाकडे ज्या पानाने पहिल्यांदा कापले त्याच रंगाचा हुकूम होतो. आमच्याकडे बंद हुकूम. तेरा पाने वाटून झाली की उतारी करणारी आपले एक पान उपडे ठेवते, आणि कोणाजवळ उतारीचा रंग नसला तर ती हुकूम उघडायला सांगते.

आता आमच्या घरचे खास पान. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून आपला गोंदिया जिल्हा झाला, त्याच वर्षी मी लग्न होऊन कोहमाऱ्याला आले. घरात पत्त्यांचा एकच जोड, आणि त्यात किलवरची तिर्री नव्हती. ती चुलीत गेली की कौलातून गळणाऱ्या पाण्याने कुजली, यावर घरात दोन मते होती. तिच्या जागी मामंजींनी बिडीच्या बंडलावरचा कागद पुठ्ठ्याला चिकटवून, मागे शाईने तीन ठिपके काढून पान केले होते. आपल्या भागात तेंदूपत्ता आणि बिडी घराघरात, तेव्हा कागदाला तोटा नव्हता. नवा जोड घ्यावा असे कोणाच्या मनात आले नाही, कारण पत्ते म्हणजे जुगार अशीच त्या वेळी समजूत. हमरस्त्यावर ट्रकवाले पैसे लावून खेळत, म्हणून दुकानात पत्ते मागायची बायकांना लाज वाटे. आमच्याकडे पैशाऐवजी चिंचोके असत, आणि खेळ पावसाच्या झडीत नाहीतर उन्हाळ्याच्या दुपारी, दार लोटून.

त्या बिडीच्या पानाची अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. पाठीमागून ते सगळ्यांना ओळखू येई. मग लपवायचे कशाला, म्हणून ज्या बाईला ते येई तिने ते उघडेच समोर ठेवायचे आणि हवे तेव्हा, पण नियमाप्रमाणे, खेळायचे असे ठरले. यात तोटा फार. ते पान समोर आहे तोवर तिच्याजवळ किलवर आहे हे सगळ्यांना दिसते, म्हणजे किलवरची उतारी झाली तर ती कापू शकत नाही. समोरची बाजू खुशाल किलवरचा एक्का टाकून मेंढी ओढून नेते. या तोट्याच्या मोबदल्यात, बिडीवालीने उतारी केली नाही तरी हुकूम तिनेच ठेवायचा, असा आमच्या घरचा नियम. निदान मी तरी तो तसाच शिकले. कोजागरीला जोडातले एक पान हरवले आणि चिठ्ठी ठेवावी लागली, तेव्हा मी हाच नियम सांगितला. जाऊबाई म्हणाल्या, “असा नियम कधी नव्हता. पान उघडे ठेवायचे, हुकूम ज्याचा त्याचा.” मी म्हटले, पहिल्यापासून आहे. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून नाही. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे.

त्यानंतर दिवाळीत मी मुलाच्या नोकरीच्या गावी कोकणात गेले होते. त्याने सावंतवाडीचा राजवाडा दाखवला. तेथे गंजिफा पाहिल्या. हे आपले जुने पत्ते, गोल, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर. त्यांच्या खळीत चिंचोक्यांचे पीठ असते हे ऐकून मला हसू आले. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पाने. ही कला बंद पडत आली होती. १९७० नंतरच्या वर्षांत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. गंजिफा त्याहून कितीतरी जुन्या. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला त्या पाठवल्याचे त्याने स्वतःच्या चरित्रात लिहिले आहे, आणि अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या जोडाचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे.

तेथे मला दोन नियम कळले. दशावतारी खेळात दिवसा रामाच्या राजाने सुरुवात होते आणि रात्री कृष्णाच्या. दुसरा असा की निम्म्या रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी, तर निम्म्या रंगांत एक्की मोठी आणि दश्शी सगळ्यांत हलकी. आपल्या मेंढीचा मान या दश्शीकडून आला असेल का, असे मला वाटून गेले. हा माझा अंदाज, त्याला आधार काही नाही. बावन्न पानांचा जोड मात्र गोऱ्या लोकांबरोबर आला हे नक्की. आपण ज्याला किलवर म्हणतो त्याला डच भाषेत क्लाव्हर म्हणतात, आणि सतराव्या शतकात सावंतवाडीजवळच वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. एवढ्या लांबच्या गोष्टी मी कुतूहलाने विचारत होते आणि माझ्याच घरच्या तिर्रीबद्दल मी कोणाला एका शब्दाने विचारले नव्हते.

सासूबाई आता नाहीत. म्हणून परत आल्यावर आतेसासूबाईंकडे गेले. त्या आमच्या घरच्या पहिल्या खेळणाऱ्यांपैकी. मी विचारताच त्या हसू लागल्या. “तू नवी नवी होतीस व माय. ते बिडीचं पान रोज तुह्याच हाती ये. तू हरस, अन्‌ मोरीत जाऊन डोळे पुसस. मंग वयनीनं एक दिवस सांगितलं, आजपासून ज्याच्यापाशी बिडी त्याचा हुकूम. थोरली म्हणाली, हे का आता? तं वयनी तिले म्हणाली, तू गप राह्य, अन्‌ तिले सांगू नको.”

जाऊबाई माझ्या आधी सहा वर्षे त्या घरात आल्या होत्या. सहा वर्षे त्यांनी ते पान उघडे ठेवून, हुकूम न घेता डाव खेळले, आणि रडायला त्या मोरीत गेल्या असतील तर ते मला माहीत नाही. माझ्या लेखी घराचा इतिहास माझ्या लग्नापासून सुरू होत होता. ‘पहिल्यापासून’ म्हणताना मी १९९९ म्हणत होते. त्या मात्र खरे पहिलेच सांगत होत्या. आणि पंचवीस वर्षांत, आमची वाटणी झाली तेव्हा सुद्धा, ही गोष्ट त्यांनी मला कधी ऐकवली नाही. ऐकवण्यासारखे प्रसंग पुष्कळ आले होते.

दुसऱ्या दिवशी तो जुना जोड घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आधी त्या नीट बोलल्या नाहीत. मी म्हटले, “तुमचेच खरे होते. यंदा मंडळात तुमच्याच नियमाने खेळू.” त्यांनी बिडीचे पान हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले. कागदावरचा रंग आता गेला आहे, ठिपके तेवढे दिसतात. मग म्हणाल्या, “माझा नियम कशाला? सासूबाईंनी मागाहून बदलला, तोच शेवटचा. खेळायचे तर बिडीवालीचा हुकूम, नाहीतर मी येत नाही.”

मी त्यांच्या नियमावर अडून आहे आणि त्या माझ्या. या कोजागरीच्या आधी मंडळाची बैठक होईल, तेव्हा दोन्ही नियम सभेपुढे ठेवावेत अशी चिटणीसबाईंना विनंती आहे. जोड मी आणीन.