जलरोधक कॅमेरा

जलरोधक कॅमेरा म्हणजे वेगळ्या संरक्षक पेटीशिवाय ठरावीक खोलीपर्यंत पाण्याखाली वापरता येणारा कॅमेरा होय. त्याची जलरोधकता कायमस्वरूपी नसते. ती मुख्यतः झाकणांच्या कडेने बसवलेल्या लवचीक कड्यांच्या स्थितीवर अवलंबून असते.

इतिहास

बेल्जियन अभियंते जाँ द वुटर्स यांनी समुद्रसंशोधक जॅक-ईव्ह कूस्तो यांच्यासाठी ‘कॅलिप्सो’ हा ३५ मिमी फिल्मचा कॅमेरा तयार केला. निकॉन कंपनीने १९६३ मध्ये तो ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला. या मालिकेचे उत्पादन २००१ मध्ये थांबले.

रचना

झाकण बंद करताना खाचेतील कडे (ओ-रिंग) दाबले जाऊन फट बुजते. समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे १ वातावरण इतका वाढतो. त्यामुळे १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. आयपीएक्स८ हे मानांकन उत्पादकाने ठरवलेल्या खोली व कालावधीपुरतेच लागू असते.

गळतीची कारणे

कड्यावर अडकलेला केस, धागा किंवा वाळूचा एखादा कणही गळतीस पुरेसा ठरतो. अर्धवट लागलेले झाकण, कॅमेरा आपटणे, उष्णतेने कडे कडक होणे किंवा त्यास चिरा पडणे ही अन्य कारणे होत.

निगा

वापरापूर्वी कडे व त्याची बैठक धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावी. समुद्रातील वापरानंतर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवावा. अन्यथा वाळलेल्या मिठाचे स्फटिक कड्याला इजा करतात. पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडावे. ग्रीसचे काम फट बुजवणे नसून कडे मऊ ठेवणे हे आहे. काही कॅमेऱ्यांत ते वर्ज्य असते, तर जास्त लावल्यास त्याला कचरा चिकटतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस वापरावे. अनेक उत्पादक दरवर्षी कडी बदलण्याची शिफारस करतात.

पाणी शिरल्यास

कॅमेरा त्वरित बंद करून बॅटरी व मेमरी कार्ड काढावे आणि तो पुन्हा चालू न करता दुरुस्तीस द्यावा. खाऱ्या पाण्याने विद्युत मंडल झपाट्याने गंजते. भिंगाआड धुके दिसणे म्हणजे गळतीच असे नाही; आत अडकलेल्या दमट हवेतील बाष्प थंड पाण्यात संघनित होऊन थेंब बनल्यानेही तसे होते.