गाऱ्हाणी ऐकायला बाबासाहेब खानदेशात आले होते. तुम्ही मेहरूणमध्ये कसे येता?

निवडणूक जवळ आली की मेहरूणमध्ये इच्छुक दारोदार हिंडू लागतात. हातात छापील फॉर्म, सोबत दोन-चार पोरं, त्यातला एक मोबाईलवर शूटिंग करणारा. "ताई, वॉर्डात काय बदल पाहिजे? कशाबद्दल नाराजी आहे? मोकळेपणाने सांगा." लोक सांगतात गटार, पाणी, बंद पडलेले दिवे. खरं बोलायचं असतं ते तसंच राहतं. मग पुढारी व्यासपीठावरून सांगतात की लोकांच्या तशा मोठ्या तक्रारी नाहीत. आम्हाला बोलायचं आहे ते या 'मोकळेपणाने' शब्दाबद्दल.

मेहरूण बदललं, हे कुणी फॉर्म भरून सांगायची गरज नाही. तलाव आणि बोरं ही या गावाची ओळख. बोरांच्या एका वाणाला तर 'मेहरूण' हेच नाव आहे. आता बोरीची झाडं शोधावी लागतात, प्लॉट शोधावे लागत नाहीत. जळगाव नगरपालिकेची २००३ मध्ये महापालिका झाली. तलावाच्या सुशोभीकरणाची भाषा तर प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी असते. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला या बदलाचा भाव मिळाला. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याला आता "काय वाटतं?" असं विचारलं जातं, आणि तेही शेजारी उभ्या असलेल्या प्लॉटवाल्याच्या देखत.

खानदेशात अशी विचारणा नवी नाही. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते आणि या समितीतही होते. सदस्यांनी जिल्हे वाटून घेतले. बाबासाहेब आणि त्यांच्या एका सहकाऱ्याच्या वाट्याला खानदेश आला. १९२९ मध्ये धुळ्याकडच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकल्याचं प्रकरण होतं. बाबासाहेब धुळ्याला गेले, थेट त्या गावात पोचले, परिस्थिती समजून घेतली आणि मग चाळीसगावला परतले. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी एक रात्र थांबण्याचा आग्रह धरला होता, म्हणून ते तिथे उतरले.

पुढचा टांग्याचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो माहीत आहे. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर, वाटेत नदी. स्टेशनवर तासभर थांबावं लागलं. मग टांगा आला. हाकणाऱ्याला हाकता येत नव्हतं. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी खाली नदीत गेली. पायाचं हाड मोडलं. महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला होता. बॅरिस्टर झालेला माणूस टांगेवाल्याच्या लेखी अस्पृश्यच होता.

हा प्रसंग जातीच्या क्रौर्याचा म्हणून सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाबासाहेब गाऱ्हाणी ऐकायलाच निघाले होते. ऐकणारा आपला माणूस, आपल्याच रक्ताचा. तरी टांगेवाल्यांनी नकार दिला हे त्या तासाभरात स्टेशनवर त्यांना कुणी सांगितलं नाही. अपघातानंतर त्यांनी चौकशी केली तेव्हा खरं काय ते कळलं. पाहुण्याला पायी नेणं लोकांना कमीपणाचं वाटलं होतं. अपमान झालेला माणूस पहिल्या विचारण्यात बोलत नाही, बाबासाहेबांनी विचारलं तरी नाही. मग पाच मिनिटांत फॉर्म भरून घेणाऱ्याला काय सांगणार?

लोक गप्प का राहतात याचं दुसरं कारण स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात आहे. अस्पृश्य माणूस पोटासाठी सवर्णांवर अवलंबून. कुणी त्यांचं शेत कसतो, कुणी त्यांच्याकडे मजुरी करतो, कुणी गावकीच्या कामाचं धान्य घेतो. त्याने हक्क मागितला की शेत काढून घेतात, काम बंद करतात, वाट अडवतात, वाण्याचं दुकान बंद होतं. बहिष्काराचं हे हत्यार उघड मारहाणीपेक्षा जास्त परिणामकारक असतं, हे समितीने ओळखलं होतं. महाराष्ट्राला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला २०१६ साल उजाडलं.

म्हणूनच १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. गावाला सत्ता द्या म्हणताना गावात कुणाची सत्ता आहे ते बघा, आमच्या राखीव जागा कुठे आहेत, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा काहींना हा अडेलतट्टूपणा वाटला. आज 'जनतेचा कौल' नावाखाली वॉर्डात जे चालतं ते पाहून तो अडेलतट्टूपणा वाटत नाही.

कुणी म्हणेल, गाव वेगळं आणि शहर वेगळं. शहरात मालक बदलतो, अवलंबून असणं बदलत नाही. घर भाड्याचं, काम ठेकेदाराकडे, दाखल्यावर सही नगरसेवकाची. आणि जळगावकरांना 'गरिबांसाठी' काय होतं याचा अनुभव आहे. झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांवर घरकुलं बांधण्याची योजना आली, त्यातली जेमतेम दीड हजार पूर्ण झाली. प्रकरण कोर्टात गेलं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. ज्यांच्या नावाने कर्ज काढलं त्यांना घर कुठे आणि कसं हवं, हे त्या वेळी कोणत्या फॉर्मवर विचारलं होतं?

मत विचारायची कायदेशीर वाट आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवून सुनावणी घेण्याची तरतूद आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि जळगावची लोकसंख्या २०११ लाच चार लाख साठ हजार होती. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. कागदावर सगळं आहे, भरलेली क्षेत्रसभा मात्र महाराष्ट्रात दिवा घेऊन शोधावी लागते. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडून आलेल्यांच्या जागी प्रशासक बसला. विचारायचं कुणी आणि सांगायचं कुणाला!

तेव्हा मेहरूणमध्ये पुन्हा कुणी फॉर्म घेऊन दारात आलं तर आम्ही पाण्याच्या नळाबद्दल नंतर बोलू. आधी मोबाईल खाली ठेवा. मग सांगा, आम्ही जे सांगू त्याची सही-शिक्क्याची प्रत आमच्या हातात मिळेल का, हा फॉर्म संध्याकाळी कुणाच्या टेबलावर जाणार आहे, आणि आमच्या वस्तीची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, कोणत्या जागी भरणार आहे?