ढगांआडचा तेलतवंग

१/ ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रातील शेकडो टन इंधनतेल सांडून खारफुटीपर्यंत पोहोचले.

२/ पावसाळी ढगांआड साध्या उपग्रहांचे कॅमेरे आंधळे होतात. रडारलहरी मात्र ढग भेदतात. तेलामुळे पाण्यावरच्या सूक्ष्म लाटा शमतात, परावर्तन घटते आणि तवंग काळा दिसतो.

३/ ‘सीसॅट’ या अमेरिकी उपग्रहाने १९७८ मध्येच अंतराळातून समुद्राच्या रडारप्रतिमा टिपल्या होत्या. भारताचा पहिला स्वदेशी रडार-प्रतिमा उपग्रह ‘रिसॅट-१’ मात्र चित्राच्या अपघातानंतर, २६ एप्रिल २०१२ रोजी झेपावला.

४/ तरीही वारा पडला की स्वच्छ पाणीही काळेच दिसते. उपग्रह संशय दाखवतो. खात्री विमाने व बोटींनीच करावी लागते.