प्लेगची पिसू आणि बायोफिल्म : एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना : १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढे कोल्हापूर संस्थानातही पसरला. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वस्ती गावाबाहेरील झोपड्यांत हलविण्यात आली. उंदीर मरू लागताच घर सोडावे, हे लोक अनुभवाने जाणत होते. कारण मात्र अज्ञात होते.

विवेचन : १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत, उंदरावरील पिसू रोग वाहून नेते, हे प्रयोगाने दाखविले. १९१४ मध्ये बॅकॉट व मार्टिन यांना पिसवेच्या जठरमुखाशी जिवाणूंचा गोळा आढळला. त्याने अन्नमार्ग तुंबतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि शोषलेले रक्त जिवाणूंसह जखमेत उलटते. हा गोळा म्हणजेच बायोफिल्म, अर्थात स्वतः स्रवलेल्या चिकट आवरणात वसलेली जिवाणूंची वसाहत, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. असेच थर आज मूत्रनलिका व कृत्रिम सांध्यांवर आढळतात. त्यांतील काही जिवाणू सुप्तावस्थेत प्रतिजैविकांना पुरून उरतात. उपचार थांबताच संसर्ग उलटतो.

निष्कर्ष : झोपड्यांनी जिवाणू मारले नाहीत, त्यांच्या ठाण्यापासून माणसाला दूर नेले. आजही दूषित नळी बहुधा काढावीच लागते. जिवाणूंचा नाश करण्याइतकेच त्यांचे ठाणे ओळखणे महत्त्वाचे आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.