शाळा मध्येच सुटली तर हातात काय उरतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या प्रस्तावाचं शीर्षक होतं 'इंग्रजी अध्यापनाच्या परिणामकारक पद्धती'. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "परिणामकारक कोणासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मायकेल वेस्टपर्यंत पोचलो.

वेस्ट हा ब्रिटिश काळात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य. बंगालमधल्या शाळांत इंग्रजीचा अभ्यासक्रम असा आखलेला होता की त्याचं फळ पुढच्या वर्गांत जाऊन मिळावं. अडचण ही की बरीच मुलं तिथवर पोचायचीच नाहीत, मध्येच शाळा सोडायची. मग त्यांनी इंग्रजीत घालवलेल्या वर्षांचं काय?

1926 साली आलेल्या 'बायलिंग्वलिझम' या अहवालात वेस्टनी यासाठी विम्यातला एक शब्द वापरला: 'सरेंडर व्हॅल्यू'. आपण पॉलिसी मध्येच मोडली तर काही रक्कम परत मिळते ना, तसंच. मूल ज्या दिवशी शाळा सोडेल, त्या दिवशी त्याला इंग्रजीचा काही तरी उपयोग करता यायला हवा. वेस्टच्या मते अर्धवट बोलण्यापेक्षा थोडंफार वाचता येणं जास्त कामाचं होतं. म्हणून आधी वाचन.

आता वर्गात काय बदललं ते बघा. जुन्या वाचनमालांत नवे शब्द दाटीवाटीने यायचे, शिवाय त्यातले कितीतरी जुनाट आणि पुस्तकी. वेस्टनी 'न्यू मेथड रीडर्स'मध्ये अशा शब्दांऐवजी रोजच्या वापरातले शब्द घातले. नवे शब्द विरळ केले आणि एकदा आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था केली. मुलाला अर्थासाठी दर ओळीला अडखळावं लागू नये, हा हेतू. याच कामाच्या वाटेवर पुढे 1953 मध्ये सुमारे 2000 शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली.

वेस्टवर आक्षेपही घेता येतात. बोलणं मागे पडलं. आणि बंगाली मुलाला इंग्रजी कशासाठी हवं, हे ठरवत होता एक इंग्रज अधिकारी. मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना काय हवं होतं, हा प्रश्न उरतोच. वसाहतकाळातले अहवाल वाचताना हा मुद्दा सोडू नका.

तरी मला त्यातून माझ्या कामाची एक गोष्ट मिळाली. अध्यापन पद्धतीवरच्या संशोधनात आपण बहुधा वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतो आणि दोन्हींतले गुण ताडून बघतो. पण शेवटच्या चाचणीला जे हजर नव्हते ते आपल्या तक्त्यातून गुपचूप गळतात, आणि पद्धत आहे त्यापेक्षा चांगली दिसू शकते. वेस्टनी विचार सुरू केला तो या गळालेल्यांपासून.

तुमचा प्रस्ताव लिहायला घ्याल तेव्हा वर्गाचा हजेरीपट आधी मागून घ्या. जूनमध्ये किती नावं होती आणि मार्चमध्ये किती उरली, एवढं तरी मोजा. मी माझं शीर्षक त्यानंतरच बदललं.